धूलकोटवाली

झाडाचं नाव विचारलेलं आमच्या घरमालकांना खपत नसे. "नाव काय विचारता मास्तर? कोणाच्या हातची आहे ते विचारा ना," म्हणायचे, आणि वर आपल्याकडे असं बघायचे की जसं काही आपण एखाद्या बाईला तिचं वय विचारलं.

बऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात त्यांच्या घरी आम्ही भाड्याने राहायला आलो, त्या पहिल्याच दिवशी मी शिव्या खाता खाता वाचलो. सामान उतरवताना पाण्याने भरलेली बादली मागच्या आंगणात नेऊन ठेवली. आंगण कसलं, दोन उंच भिंतींच्या मधली अरुंद पट्टी ती. भरदुपारी घटकाभर ऊन यायचं, तेवढंच. पण त्या सगळ्या पट्टीवर एक रोपटं पसरलेलं होतं, मातीचा टीचभर तुकडा मोकळा नव्हता. पानावर दोन रुपेरी पट्टे, आणि पान उलटलं की खालून गर्द जांभळं. म्हातारा आतून धावतच आला.

"उचला! आधी उचला ते! धूलकोटवालीच्या अंगावर बादली ठेवून दिली हो तुम्ही!"

मी कपाळाला हात लावला. बायको हळूच म्हणाली, "घर बदलायचं का? अजून टेम्पो गेला नाही." पण टेम्पोवाला घाईत होता, आम्ही राहिलो, आणि चांगली बारा-तेरा वर्षं राहिलो.

त्यांचा नियम साधा होता. आपल्या ह्या भागात सुनेला नावाने कोण हाक मारतं? ज्या गावची, त्या गावची वाली. शाहपूरहून आली ती शाहपूरवाली, धूलकोटहून आली ती धूलकोटवाली. आईबापांनी ठेवलेलं नाव माहेरीच राहतं. हाच कायदा त्यांनी झाडांना लावला होता. ज्याच्या हातून झाड घरात आलं, त्याचं नाव झाडाला. कढीलिंब होता तो 'पोस्टमन'. तुळस 'मावशी'. मोगरा कोणा डॉक्टरीणबाईंनी दिलेला, म्हणून सकाळी सकाळी आम्हांला बातमी यायची, "आज डॉक्टरीण फुलली बरं का, सूनबाई." माझ्या बायकोला ते सूनबाई म्हणत. आणि जमिनीवर पसरलेली ती जांभळी त्यांच्या बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेराहून, धूलकोटहून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. बायकोला घरीदारी सगळे धूलकोटवाली म्हणायचे, म्हणून झाडही धूलकोटवाली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. झाड तेवढं मागे होतं.

मोहल्ल्यात त्यांना चेकरकाका म्हणत. कापड मिलमध्ये घडी खात्यात ते चेकर होते. ताग्यातलं कापड टेबलावरून सरकत जायचं आणि ह्यांनी खडूने दोष दाखवायचे; कुठे धागा तुटला, कुठे पोत विरळ झाला. नोकरी संपली, पण हात थांबला नाही. समोर माणूस आला की त्याच्या शर्टाची कड बोटांत धरायचे. बोलायचे दुसरंच, पाण्याचं, केळीच्या भावाचं, आणि बोटं आपली चाचपत असायची. आमच्या शाळेतल्या हेडमास्तरांचा कोट त्यांनी भर कार्यक्रमात धरला आणि मान हलवून सोडून दिला. हेडमास्तरांनी तो कोट पुन्हा घातलेला मी पाहिला नाही.

मयतीच्या घरी गेले तरी तेच. कोपऱ्यात ठेवलेलं कोरं कापड उचलून पाहायचे. लोक चिडायचे. मी एकदा बाहेर आल्यावर त्यांना बोललो, काका, तिथे तरी नको. तर शांतपणे म्हणाले, "मास्तर, आपण फसलो तर दुकानात जाऊन भांडतो, बदलून आणतो. त्याला जाता येणार आहे का? मग त्याच्या वतीने कोणीतरी पाहायला नको?"

दसरा जवळ आला की त्यांची फेरी निघायची. दारात उभं राहून विचारायचे, "घड्या मोडल्या का?" म्हणजे कपाटातल्या साड्या काढा, झटका, आणि दुसऱ्या अंगाने घडी घाला. "कापड उन्हाने एवढं मरत नाही, सूनबाई. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं ना, की घडीवर धागा तुटतो. वरून साबूत दिसतं. उघडायला जावं तर हातात येतं." माझी बायको पहिल्या वर्षी हसली. दुसऱ्या वर्षी तिची लग्नातली पैठणी घडीवर चिरायला लागलेली सापडली, तेव्हापासून ती दसऱ्याच्या आधी स्वतःच कपाट उपसते. गल्लीतल्या सगळ्या बायकांना त्यांनी ही सवय लावली होती. कोणी म्हणायची, "काका, आप तो सास से भी जादा हो!" तर ते खूश व्हायचे.

एका पेटीची घडी मात्र कोणी विचारायची नाही. वरच्या खोलीत त्यांच्या खाटेखाली हिरवी पत्र्याची पेटी होती, कुलूप लावलेली. तीत धूलकोटवालीच्या साड्या होत्या.

त्यांना एकच मुलगी. शाहपूरला दिलेली, घरचा केळीचा मळा. आई गेल्यावर तिने आईच्या साड्या मागितल्या. सगळ्या नाही, दोन-चार. ते म्हणाले, पेटीला हात लावायचा नाही. मग म्हणाली, एक तरी द्या अप्पा, ती जांभळी तेवढी द्या. नाही म्हणजे नाही. त्यानंतर ती आखाजीला यायची, कारण आखाजीला लेक माहेरी आली नाही तर चार लोक विचारतात. पण सकाळच्या बसने यायची, बापाला पुरणपोळी करून घालायची आणि दिवस मावळायच्या आत परत. रात्री ह्या घरात ती थांबत नसे. निघताना ते दरवर्षी धूलकोटवालीच्या दोन काड्या मोडून तिच्यापुढे धरायचे. "घेऊन जा. तुझ्या आईची आहे." आणि ती दरवर्षी म्हणायची, "मला झाड नको, अप्पा."

एकदा आमच्या स्वयंपाकघरात बसून ती माझ्या बायकोजवळ बोलली. "वहिनी, ह्या घरात झाडावर पाय पडू नये म्हणून माणसं भिंतीला चिकटून चालतात. आणि माझ्यासाठी एक पेटी उघडत नाही. मी कोण आहे मग?" तिचा राग खोटा नव्हता. मला म्हाताऱ्याचा संताप यायचा. घरमालक होते म्हणून मी मूग गिळून बसायचो.

आणि हाच माणूस झाड कोणालाही द्यायचा! मागायला आलेल्याला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. काडी मोडायची, ओल्या चिंधीत गुंडाळायची, हातावर ठेवायची आणि सांगायचं, "सावली तेवढी द्या. बाकीचं ती पाहून घेते." घरी नेल्यावर त्याच नियमाने तिचं नाव बदलायचं. गल्लीत जिथे जिथे ती गेली तिथे 'चेकरवाली' झाली. टेलरच्या घरून जिने नेली तिच्याकडे 'टेलरवाली'. पुढे कुठे कुठे आणखी काय काय. ह्याचं त्यांना भारी कौतुक. समोरच्या घरातली कॉलेजातली पोरगी एकदा मोबाइलवर फोटो काढून शोधून आली. "काका, इसका नाम मिल गया. इंच प्लांट!"

"इंच? मोजलं कोणी?"

"नाही ना काका. म्हणजे इंचभर काडी तोडून लावली तरी जगते, म्हणून."

ते विचारात पडले. "हे बरोबर आहे," म्हणाले. "पण कोणाच्या हातची ते नाही सांगत ना तुझा मोबाइल?"

पोरगी हसत गेली. ते काही हसले नाहीत, त्यांनी खरंच विचारलं होतं.

पश्चिमेच्या शेजाऱ्याने घरावर तिसरा मजला चढवला, तेव्हा सगळी गल्ली ह्यांच्या बाजूने तापली. तुमची हवा गेली, ऊन गेलं, अर्ज करा, आम्ही सही देतो. काकांनी दुसऱ्या दिवशी दराबा, ही इथली मिठाई, आणला, डबा घेऊन शेजाऱ्याकडे गेले आणि आभार मानून आले. दुपारचं ऊन आणखी कमी झालं, धूलकोटवालीचं भलं झालं, तुमचे उपकार आहेत. शेजाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याने मिठाईवर काही करून आणलंय. काकांनी आधी स्वतः खाऊन दाखवला तेव्हा कुठे त्याने एक बोट चाटलं.

तोच शेजारी पुढे मुलाकडे इंदूरला गेला आणि घर विकलं. नव्या मालकाने होळी झाली की लगेच घर पाडायला काढलं. नवीन बांधायचं होतं त्याला, त्याचंही काही चुकलं नाही. एकेक मजला खाली यायला लागला तसे काका रोज तिथे जाऊन उभे राहायचे. "बांधणार कधी?" "दिवाळीनंतर, बाबूजी." "मग पाडायची काय घाई करून राहिले? उन्हाळा तरी काढायचा!" नव्या मालकाने माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मी मान खाली घातली.

बऱ्हाणपूरचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. चैत्रात दुपारी दाराची कडी धरवत नाही. भिंत गेली आणि ते ऊन आंगणात थेट उतरलं, बारापासून मावळेपर्यंत. दोन-तीन दिवसांत पानांचे रुपेरी पट्टे उडाले, कडा गवतासारख्या वाळल्या. बायकोच्या मागे जे काही जिवंत राहिलं होतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर जळत होतं, आणि हा माणूस छत्री धरून तिच्यावर उभा राहायचा. भरउन्हात, अनवाणी! मी ओढून आत आणायचो, पुन्हा जायचे.

मी शाहपूरकडच्या एका ओळखीच्याकडून केळीच्या रोपांवर घालतात ती हिरवी जाळी आणली, बांधून दिली. दुसऱ्या दिवशी काढून ठेवलेली. "मास्तर, ही पाणी धरत नाही. लूची गरम झळ आरपार जाते हिच्यातून." मग स्वतःच्या दोन चादरी टांगल्या. मिलच्या चादरी, जाड. त्याखाली अंधार झाला, वाफ कोंडली. त्याही उतरवल्या. बोटांत कापड चुरत बराच वेळ पायरीवर बसून राहिले. पातळ पाहिजे, सुती पाहिजे, वापरून मऊ झालेलं पाहिजे, भिजवलं की ओल धरून ठेवेल असं पाहिजे, हे ते माझ्याजवळ बोलले. असं कापड घरात कुठे आहे ते मात्र बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिन्यावरून खाली आले. खांद्यावर निळी साडी होती.

त्यांनी ती टाकीत बुडवली, दोन भिंतींमध्ये दोरीवर आडवी पसरली, कोपरे ताणून बांधले. खाली निळसर सावली पडली. पाणी थेंब थेंब गळत होतं. तासाभराने त्यांनी मगाने पुन्हा भिजवली. संध्याकाळपर्यंत तेच करत राहिले.

मग रोज नवी साडी यायला लागली. रोज तिची ओळखही करून द्यायचे, आम्ही विचारलेलं नसलं तरी. "ही आमच्याच मिलची. डाग पडला म्हणून दोषात निघाली, मी घरी आणली. तर म्हणे, लोकांचे दोष दिवसभर काढता आणि मला मात्र दोषाचं कापड!" असं सांगून ते थोडे हसले. बायकोबद्दल ते इतकं बोललेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, काका, ह्यापेक्षा बाजारातून जुन्या साड्या आणून देतो की. त्यांनी ऐकलंच नाही. माझी बायको मला आत नेऊन म्हणाली, "तुम्हाला काही कळत नाही. झाडाला सावली पाहिजेच आहे, पण त्यांना पेटी उघडायला निमित्त पण पाहिजे होतं."

तिनेच मला दुसरीही गोष्ट दाखवली. साड्यांना ठरावीक अंतरावर सरळ रेषेत चिरा होत्या. मी म्हटलं, उन्हाने विरल्या असतील. "एका दिवसात?" ती म्हणाली. "दोरीवर चढल्या तेव्हापासून बघते आहे मी. घडीवर फाटल्या आहेत. तुम्ही बोलू नका काही." मी बोललो नाही. पण त्या चिरांतून ऊन खाली पडायचं, झाडावर आखल्यासारख्या रेघा उमटायच्या, आणि ते त्या रेघांकडे बघत बसायचे. सगळ्या बऱ्हाणपूरला घड्या मोडायला सांगणारा माणूस तो.

आखाजीच्या सकाळी मुलगी आली. नेमकी त्या दिवशी दोरीवर जांभळी होती.

पिशवी हातात तशीच धरून ती आंगणाच्या दारात उभी राहिली. आम्ही दोघं मागे होतो. तिने हात वर करून साडीची कड धरली, आणि कड घडीवरून फाटत तिच्या हातात आली.

"अप्पा, हे काय करून राहिले तुम्ही?"

ते हातातला पाण्याचा मग खाली ठेवून उभे राहिले.

"मी एक मागत होते. एक! पाया पडले होते तुमच्या. तेव्हा पेटीला हात लावायचा नव्हता. आणि आता झाडासाठी आईच्या साड्या उन्हात टांगल्या? जाळून टाकल्या उन्हात?"

माझी बायको पुढे झाली. "ताई, उन्हाने नाही हो..." काकांनी हात वर करून तिला थांबवलं. मला वाटलं, आता हे गप्प बसतील, मुलगी रागाने निघून जाईल आणि हे घर कायमचं तुटेल. उन्हावर ढकलणं किती सोपं होतं. ऊन डोक्यावर उभंच होतं.

"उन्हाने नाही, बेटा," ते म्हणाले. "मी फाडल्या."

तिने हातातला फाटका तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"तुझी आई गेली आणि मी कुलूप लावलं. उघडलंच नाही. सगळ्या गावाला सांगत फिरलो, घड्या मोडा, घड्या मोडा. आपल्या घरची पेटी उघडायला हात धजला नाही."

"का पण, अप्पा? तुम्हाला तर माहीत होतं!"

"माहीत होतं. चांगलं माहीत होतं." त्यांचा आवाज चिरकला. "तिच्या हातच्या घड्या होत्या गं त्या. तिने घातलेल्या. मोडल्या असत्या तर परत कोणी घातल्या असत्या? तुला एक द्यायची तर सगळ्या हलल्या असत्या. म्हणून नाही दिली. उघडल्या तेव्हा एकही साबूत नव्हती."

हे बोलून ते पायरीवर बसले आणि रडले. मोठ्याने रडले, पोरासारखे. गेली कित्येक वर्षं ह्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात कंजूस, हट्टी, दगड काय काय म्हटलं होतं मी.

मुलीने पिशवी भिंतीशी ठेवली, पदर खोचला, टाकीतून मग भरला आणि साडीवर ओतला.

"वाळून राहिली आहे, अप्पा," म्हणाली. "बोलत काय बसले?"

त्या आखाजीला ती रात्री थांबली. दुसऱ्याही रात्री थांबली. दुपारी बापलेक आळीपाळीने साडी भिजवायचे. वरच्या खोलीतून दोघांच्या बोलण्याचा आवाज यायचा. काय बोलत होते ते आम्हांला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती.

निघायच्या दिवशी काका आमच्या दाराशी आले आणि अडखळत म्हणाले, "सूनबाई, तिची ओटी भराल का? तिची आई गेल्यापासून ह्या घरातून तिची ओटी भरली गेली नाही. मला सुचलंच नाही." बायकोने नारळ, तांदूळ, खण, सगळं काढलं. ओटी भरून झाल्यावर ते पुढे आले. दोरीवरची जांभळी साडी त्यांनी खाली घेतली, काठ दातांत धरून कातरला आणि एका झटक्यात पट्टी फाडली. अगदी सरळ, धाग्याला धागा. धूलकोटवालीच्या ज्या थोड्या काड्या हिरव्या उरल्या होत्या त्या मोडल्या, पट्टीत गुंडाळल्या, भिजवल्या आणि मुलीपुढे धरल्या. ह्या वेळी तिने पदर पसरला.

झाड वाचलं नाही. ज्येष्ठात शेवटचा कोंब गेला. साड्या, पाणी, छत्री, कशाचा उपयोग झाला नाही. आंगणात उघडी माती पडली आणि त्यांनी भिंतीला चिकटून चालायचं सोडलं नाही. मला ते बघवत नसे.

श्रावणात मुलगी आली. हातात तीच जांभळी पट्टी, धुतलेली, आणि तीत गुंडाळलेल्या ताज्या काड्या. केळीच्या बुंध्याशी लावली होती, म्हणाली, सावलीत. "अप्पा, रान माजवलंय तिने तिकडे. घरातले सगळे तिला बऱ्हाणपूरवाली म्हणतात. मला म्हणतात तसंच." काका मातीत गुडघे टेकून बसले आणि एकेक काडी खोचत गेले. मी आनंदाने म्हणालो, "चला काका, धूलकोटवाली परत आली म्हणायची."

"नाही मास्तर," ते वर न बघता म्हणाले. "जिच्या हातून आली तिचं नाव. ही शाहपूरवाली."

त्यानंतर त्या घरात धूलकोटवाली हा शब्द मी ऐकला नाही. कोणी झाडाचं विचारलं तर ते आपणहून सांगायचे, शाहपूरवाली आहे, माझ्या लेकीने दिली. पुढच्या वर्षी शेजारचं घर उभं राहिलं, पहिल्यापेक्षा उंच, आणि काका दराब्याचा डबा घेऊन नव्या मालकाकडे गेले.

गेल्या थंडीत ते गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. कापड आणायला मी गेलो. दुकानदाराने सवयीने पहिला तागा पुढे सरकवला. मी त्याची कड बोटांत धरली, आणि परत दिला. दुसराही परत दिला. तो वैतागला, "मास्तरजी, इस काम के लिए कौन इतना देखता है?" मी म्हटलं, मी बघतो, दाखवा. मला कापडातलं काही कळत नाही, पण घाई केली नाही.

दिवस झाल्यावर मुलीने माझ्या बायकोला वर बोलावलं. पेटी उघडी होती, कुलूप कधीच काढून टाकलेलं. आत त्याच साड्या, उन्हाने पांढुरक्या झालेल्या, चिंध्या. कोणाच्याही उपयोगाच्या नाहीत. "वहिनी, बघा ना," ती म्हणाली. प्रत्येक साडी नीट घडी घालून ठेवलेली होती, आणि घडी नवी होती. जुन्या चिरांच्या रेषा सोडून, दुसऱ्या अंगाने. त्या साड्यांत फाटायचं काही उरलं नव्हतं, तरी दसऱ्याला ह्या माणसाने त्या काढल्या असणार आणि एकेकीची घडी बदलली असणार. दोघी तिथेच बसून रडल्या.

घर विकलं गेलं. आम्ही गावाबाहेरच्या कॉलनीत गेलो. निघताना मुलीने आम्हांला काड्या मोडून दिल्या. बायको म्हणाली, "तुमच्या हातून आली, म्हणजे आमच्याकडेही शाहपूरवालीच." ती म्हणाली, "नाही वहिनी. माझ्या हातची नका म्हणू. अप्पांच्या आंगणातली आहे. त्यांचं लावा." म्हणून आमच्या घरी ती चेकरकाका. बायको सकाळी मला ओरडते, "काकांना पाणी घातलं का?" मी घालतो.

मागच्या महिन्यात शेजारची नवी सून कुंपणावरून काडी मागायला आली. मी दिली, ओल्या चिंधीत गुंडाळून. काकांची सगळी गोष्टही सांगायला घेतली, पण तिचं दूध गॅसवर होतं. परवा ती तिच्या सासूला सांगत होती ते ऐकलं, "मम्मीजी, वो मास्तरवाली अच्छी फैल गई है." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एका घरात, एका कुंपणाच्या अलीकडेच काकांचं नाव संपलं. हाक मारून तिला सांगावं असं मनात आलं होतं, की बाई, माझं नाही, त्यांचं नाव आहे ते. पण नियम त्यांचाच होता, आणि त्या नियमाने त्यांनी स्वतःची धूलकोटवालीसुद्धा सोडून दिली होती.

तेवढ्यात तिनेच मला पाहिलं. "सर, तुमच्यावालीला ऊन किती लागतं हो? खाद काय घालू?"

"काही नको," मी म्हणालो. "सावली तेवढी दे. बाकीचं ती पाहून घेते."